मोडक्या पट्टीनं मोजताना

"सदतीस झाले," असं म्हणत तिनं माझी पन्नासची नोट डब्याखाली सरकवली. पंधराचे दोन वडापाव आणि सातचा एक चहा. मग डब्यातून एकेक नाणं काढून माझ्या तळहातावर ठेवत ती मोजू लागली. "अडतीस... एकोणचाळीस... चाळीस." वर दहाची एक नोट ठेवली. "पन्नास. घ्या काका." तेरा हा आकडा तिनं एकदाही उच्चारला नाही. हिशेब मात्र चोख होता.

अहमदपूर तालुक्यातल्या एका गावात, जिल्हा परिषद शाळेच्या पटांगणात बाल आनंद मेळावा भरला होता. जानेवारीतलं कोवळं ऊन. बाकांवर जुन्या साड्या अंथरून पोरांनी दुकानं मांडली होती. बोरं, हरभऱ्याचे ढाळे, भजी, भेळ, गुलाबजाम. कुणाची आई मागं स्टोव्हपाशी बसलेली, पण गल्ल्याला हात लावायची तिला परवानगी नव्हती. शाळेनं आणखी एक नियम केला होता: रोख पैसेच चालतील, फोनवरून पैसे द्यायचे नाहीत. गावातल्या दोन तरुणांनी "स्कॅनर लावा की" म्हणून बराच आग्रह केला. सरांनी ऐकलं नाही. स्कॅनर आला की सुटे द्यावे लागत नाहीत, आणि सुटे द्यायला शिकावं यासाठी तर हा सगळा मांड मांडला होता.

दुसऱ्या दिवशी मी त्याच शाळेत चौथीच्या वर्गात बसलो. सरांनी फळ्यावर उभी वजाबाकी मांडली: ५० वजा ३७. काल मला तेरा रुपये परत देणारी मुलगी पहिल्या ओळीत होती. तिनं वहीत उत्तर लिहिलं २७.

चूक कुठं झाली ते लगेच कळत होतं. शून्यातून सात जात नाहीत, म्हणून तिनं सातातून शून्य वजा केलं. मग पाचातून तीन. हातचा घ्यायचा राहिला. अशी चूक करणारी ती एकटी नव्हती. त्या बाकावरच्या चौघींपैकी तिघींचं उत्तर २७ होतं. सर तिच्याजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "काल काकांना किती परत दिलेस?" ती थोडा वेळ गप्प बसली. मग तिनं बोटांवर काहीतरी मोजलं आणि वहीकडे असं पाहिलं, जणू ती वही दुसऱ्याच कुणाची होती.

संपादकांनी या अंकासाठी 'रोजचं जगणं' हा विषय सुचवला, तेव्हा शाळेतल्या रोजच्या हिशेबावर लिहायचं मी ठरवलं. लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत मी जमेल तसा हिंडलो. पण सगळ्या प्रवासात त्या मुलीची वही डोळ्यांपुढून हलली नाही. तिला वजाबाकी येते, आणि तिला वजाबाकी येत नाही. दोन्ही खरं आहे.

नांदेडमधली पाहणी

'प्रथम' संस्थेचं 'असर' सर्वेक्षण शिक्षणाशी संबंध असलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे. २००५ पासून त्यांचे कार्यकर्ते गावोगावी घरी जाऊन मुलांना एक छोटा उतारा वाचायला देतात आणि दोन-चार गणितं सोडवायला सांगतात. २०२३ साली त्यांनी लहान मुलांऐवजी १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींची पाहणी केली. २६ राज्यांतले २८ जिल्हे निवडले, आणि महाराष्ट्रातून निवडला नांदेड. अहवाल जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

या पाहणीत पुस्तकी गणितांबरोबर रोजच्या जगण्यातले प्रश्न होते. झोपायची आणि उठायची वेळ दिली तर झोप किती तास झाली? ठरावीक पैशांत कोणकोणत्या वस्तू बसतील? सवलत वजा जाता किंमत किती? कर्ज घेतलं तर परत किती द्यावं लागेल? तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागणं देशभरातल्या या मुलांपैकी ४३ टक्क्यांच्या आसपास मुलांनाच जमलं. निदान वजाबाकी येणाऱ्यांपैकी साठ टक्क्यांहून थोड्या जास्त मुलांना खर्चाचा मेळ घालता आला, सवलत काढणं सुमारे ३७ टक्क्यांना जमलं आणि कर्जफेडीचा हिशेब जेमतेम दहा टक्क्यांना.

मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते पट्टीच्या प्रश्नानं. एखादी वस्तू पट्टीच्या शून्यापासून ठेवली तर तिची लांबी जवळजवळ ८५ टक्के मुलांनी बरोबर सांगितली. तीच वस्तू शून्यापासून थोडी पुढं सरकवली, की बरोबर सांगणारे राहिले ३९ टक्के. वस्तू तीच, पट्टीही तीच. म्हणजे निम्म्याहून अधिक मुलं लांबी मोजत नव्हती, बहुधा वस्तूचं टोक जिथं येतं तो आकडा वाचत होती.

पत्र्याच्या डब्यातल्या पट्ट्या

कंधार तालुक्यातल्या एका शाळेत हाच प्रश्न शिकवताना पाहायला मिळाला. तिथल्या बाईंनी एका पत्र्याच्या डब्यात मोडक्या पट्ट्या जमवल्या आहेत. कुणाची दोन सेंटिमीटरला तुटलेली, कुणाची चारला, एखादीचा मधला आठ ते पंधरा एवढाच तुकडा. मुलांच्या दप्तरात पट्टी मोडली की ती फेकायची नाही, बाईंकडे द्यायची. त्याच पट्ट्यांनी तिसरीचा वर्ग मोजमाप शिकतो.

एका मुलानं पेन्सिल चारच्या रेघेपाशी ठेवली. दुसरं टोक अकरावर आलं. बाईंनी विचारलं, "किती?" तीन उत्तरं आली: अकरा, आठ आणि सात. अकरा म्हणणाऱ्यांनी टोकाचा आकडा वाचला होता. आठ म्हणणाऱ्यांचा विचार त्यापुढचा होता, पण त्यांनी रेघा मोजल्या: चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा, अकरा. आठ रेघा. सात म्हणणारी मुलगी एकटीच होती, आणि ती का सात म्हणते हे तिला सांगता येत नव्हतं.

बाईंनी उत्तर सांगितलं नाही. त्या वर्गाला घेऊन बाहेर आल्या. शाळेला लागूनच शेत आहे, त्याला तारेचं कुंपण आहे. "खांब किती ते मोजा. आता दोन खांबांच्या मधली जागा मोजा." आठ खांब आणि सात गाळे. पोरं परत वर्गात आली आणि पेन्सिलीवर बोट सरकवत मोजू लागली, रेघा नव्हे, रेघांमधल्या जागा. आठ म्हणणाऱ्यांपैकी एकजण ओरडला, "बाई, मी खांब मोजले की!"

हा प्रसंग मी सविस्तर सांगतोय, कारण 'सराव' या शब्दाचा अर्थ आपण फार उथळ करून ठेवला आहे. शून्यापासून ठेवलेल्या पेन्सिली शंभर वेळा मोजल्या तर शंभरही उत्तरं बरोबर येतील, आणि मूल काहीच शिकणार नाही. मोडकी पट्टी त्याला विचार करायला भाग पाडते. बाईंच्या डब्यातल्या पट्ट्यांसाठी शासनाचा एक रुपयाही खर्च झालेला नाही.

पंचवीस, वीस पाच आणि इरवै ऐदु

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून उठलेला गदारोळ वाचकांना आठवत असेल. एकवीस ते नव्व्याण्णव या संख्या 'वीस एक', 'साठ तीन' अशा वाचायची पद्धत पुस्तकानं दिली होती. डॉ. मंगला नारळीकर गणित विषय समितीच्या अध्यक्ष होत्या. विधिमंडळात चर्चा झाली, वर्तमानपत्रांत टिंगल झाली, मराठीचा घात होतोय असंही म्हटलं गेलं. 'गणितगप्पा' आणि 'गणिताच्या सोप्या वाटा' लिहिणाऱ्या, मुलांच्या मनातली गणिताची भीती जावी म्हणून आयुष्यभर धडपडलेल्या या बाईंनी ती सगळी टीका शांतपणे झेलली. जुलै २०२३ मध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांचा मुद्दा काय होता, तो मला देगलूरच्या एका शाळेत नव्यानं कळला. तेलंगणाच्या सीमेवरचा हा भाग. वर्गातल्या काही मुलांच्या घरात तेलुगू बोलतात. तेलुगूत पंचवीसला 'इरवै ऐदु' म्हणतात, म्हणजे वीस पाच. उदगीर-देवणीच्या बाजूला बिदरकडची कन्नड ऐकू येते, तिथं 'इप्पत्तैदु'. तेही वीस पाचच. लिहिताना आपण आधी दोन लिहितो, मग पाच. तेलुगू आणि कन्नडमध्ये बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम एकच आहे. मराठीत 'पंचवीस' म्हणताना पाच आधी येतो, आणि दुसरीतलं मूल ऐकलं तसं लिहितं: ५२. एकोणतीस ऐकलं की त्याला एक आणि तीस ऐकू येतं, आणि लिहायचे असतात दोन आणि नऊ. शेवटी नव्व्याण्णव आलं की 'एकोण'सुद्धा नाहीसं होतं.

देगलूरच्या गुरुजींना या वादात कुणाची बाजू घ्यायची गरज पडत नाही. ते फळ्यावर २५ लिहितात, दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या दाखवतात आणि विचारतात, "वीस आणि पाच किती?" वर्ग म्हणतो, "पंचवीस." "सत्तर आणि सहा?" "शहात्तर." वीस पाच ही शिडी आहे. तिच्यावरून चढून पंचवीसवर पोचायचं. तेलुगू घरातला एक पोरगा ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटतो, मग मोठ्यानं मराठीत सांगतो. त्याचं उत्तर बहुतेक वेळा बरोबर असतं. ज्या सीमाभागातल्या मुलांना आपण मराठीत कच्ची समजतो, त्यांच्या घरच्या भाषेत दशक-एककाचा धडा आधीपासूनच आहे. त्याचा उपयोग करून घेणारे गुरुजी मला विरळाच भेटले.

दुसरी अडचण नवी आहे, आणि ती शहरांत जास्त जाणवते. सेमी इंग्रजीतली मुलं 'फोर्टी सेव्हन' म्हणतात. आजीनं सत्तेचाळीस रुपये दे म्हटलं की ती थबकतात. नांदेडच्या एका किराणा दुकानात सातवीतल्या मुलाला "एकोणसाठ म्हणजे किती?" असं विचारताना मी ऐकलं. दुकानदारानं फोनवर आकडा टाइप करून त्याला दाखवला. आजी-नातवंडांमध्ये बाजाराची भाषाच जर वेगळी झाली, तर हिशेब घरात शिकायची वाट बंद होते. माझ्या मते त्या वादापेक्षा ही गोष्ट गंभीर आहे, आणि तिच्यावर विधिमंडळात कुणी बोललेलं मी ऐकलेलं नाही.

साडेत्रेचाळीसचे अठरा

लातूरच्या बाजार समितीत सोयाबीनच्या हंगामात पाय ठेवायला जागा नसते. ढिगारे, कट्टे, हमालांची ये-जा, ओलावा मोजायचं यंत्र. एका अडतीवर मी एका वयस्क शेतकऱ्याशेजारी बसलो होतो. भाव क्विंटलला ४,३५० रुपये, आणि माल भरला चार क्विंटल अठरा किलो. विक्रीच्या हिशेबाची पट्टी हातात येण्याआधी ते पुटपुटत होते. चार क्विंटलचे १७,४००. किलोला साडेत्रेचाळीस. चाळीसचे अठरा म्हणजे ७२०. राहिले साडेतीनचे अठरा. "अठरा औट त्रेसष्ट," ते म्हणाले. ७२० आणि ६३, ७८३. एकूण १८,१८३, हमाली-तोलाई वजा जायची. पट्टीवर छापलेला आकडा तोच होता.

औटकी! साडेतीनचा पाढा. पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी, औटकी: अपूर्णांकांचे हे पाढे एके काळी खेड्यापाड्यातल्या शाळांतून रोज संध्याकाळी मोठ्यानं म्हटले जात. अंकलिपीच्या छोट्या पुस्तकात ते छापलेले असत. चौथीनंतर शाळा सोडलेल्या आजोबांनी ते पाठ केले, आणि सत्तर वर्षांनी अडतीवर ते कामाला आले.

आता ते पाढे परत आणा असं मी म्हणणार नाही. अर्थ न कळता, छडीच्या धाकानं ते घोकलेल्या मुलांची संख्याही मोठी होती, आणि ती मुलं आज अडतीवर हिशेब सांगत नाहीत. पण सव्वा, दीड, पाऊण, अडीच हे शब्द आजही प्रत्येक घरात आहेत. "सव्वा किलो आण," "पाऊण तासात येतो," "चतकोर भाकरी वाढ." चौथी-पाचवीत अपूर्णांक शिकवताना फळ्यावर एक छेद चार लिहितात तेव्हा त्याचं पाव या शब्दाशी असलेलं नातं बहुतेक वेळा कुणी सांगत नाही. मुलाला वाटतं, ही काहीतरी नवीच, अवघड वस्तू आहे.

हाळी-हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजारात अजून काही जुने व्यापारी रुमालाखाली बोटं दाबून सौदा करतात. देवणी किंवा लाल कंधारी बैलाची किंमत रुमालाच्या आत बोटांनी ठरते, बाहेर कुणाला कळत नाही. बापाबरोबर आलेली पोरं ते टक लावून पाहतात. मी एकाला विचारलं, "काय कळलं?" तो म्हणाला, "बोट धरलं तर हजार, पंजा धरला तर पाच हजार." त्याला स्थानिक किंमत पूर्ण समजली होती. शाळेतल्या त्या धड्याचं नावही तेच आहे.

बाजारातलं पोर आणि वर्गातलं पोर

ही फारकत फक्त आपल्याकडची नाही. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्राझीलच्या रेसिफे शहरात संशोधकांनी रस्त्यावर नारळ आणि फळं विकणाऱ्या पाच मुलांना गिऱ्हाईक बनून हिशेब विचारले. ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. तेच हिशेब नंतर कागदावर आकड्यांत मांडून दिले, तर बरोबर उत्तरं ३७ टक्क्यांवर घसरली. एकानं ३५ चे दहा नारळ असा हिशेब केला की तीन नारळांचे १०५, आणखी तीन धरून २१०, असे गट करत तो ३५० वर पोचला. दहानं गुणायचं म्हणजे शून्य लावायचं, हा शाळेचा सोपा नियम त्यानं वापरला नाही.

चाळीस वर्षांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीतल्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा अभ्यास 'नेचर' नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यात दोन्ही बाजू तपासल्या. बाजारातली मुलं सौद्यातला अवघड हिशेब तोंडी करत, पण शाळेच्या पद्धतीनं मांडलेलं साधं गणित त्यांना अडत असे. आणि शाळेत जाणाऱ्या, बाजाराचा अनुभव नसलेल्या मुलांचं उलट. कामकरी मुलांपैकी एक तृतीयांशाहून जास्त जणांनी सोडवलेला बाजारातला एक हिशेब शाळकरी मुलांपैकी फक्त एक टक्क्याला जमला.

अहमदपूरच्या त्या मुलीच्या एकाच डोक्यात ही दोन्ही मुलं राहतात. तिच्या सरांनी पुढं काय केलं ते सांगायला हवं. त्यांनी तिला गल्ल्यातली नाणी आणायला लावली. ५० वजा ३७ च्या शेजारी, त्याच पानावर, तिनं आदल्या दिवशी केलं तसं लिहायला लावलं: ३७ मध्ये ३ मिळवले, ४०. ४० मध्ये १० मिळवले, ५०. मिळवले किती? १३. मग दहा-दहाच्या पाच नोटा घेऊन त्यातली एक मोडली, दहा सुटे केले, त्यातले सात काढले. हातचा म्हणजे काय, तर मोडलेली नोट. पंधरा मिनिटं गेली. त्या पंधरा मिनिटांत धड्याचं एकही पान पुढं सरकलं नाही, पण सदतीस ते पन्नास हा पूल बांधला गेला.

लातूर पॅटर्नच्या गावात

लातूर म्हटलं की महाराष्ट्राला 'लातूर पॅटर्न' आठवतो. राजर्षी शाहू महाविद्यालय, दयानंद महाविद्यालय, दहावी-बारावीच्या गुणवत्ता याद्या, आता डॉक्टर-इंजिनीअर होण्याच्या प्रवेश परीक्षा. लातूरचा ट्युशन एरिया आणि नांदेडचं भाग्यनगर संध्याकाळी सायकली आणि स्कूटींनी भरून जातात. राज्यभरातून पालक मुलांना घेऊन इथं भाड्याच्या खोलीत राहायला येतात.

या पॅटर्नची निंदा करणं सोपं आहे, आणि मी ती करणार नाही. त्यातलं मूळ बळ खरं होतं: नियमित सराव, दर आठवड्याला चाचणी, चुकलेलं उत्तर पुन्हा सोडवून घेणं, आणि प्राध्यापकांनी सुट्टी न पाहता मुलांसाठी बसणं. माझी तक्रार एवढीच, की ही शिस्त अकरावीला सुरू होते. त्याच जिल्ह्यातल्या चौथीच्या मुलीच्या वहीत २७ लिहिलं जातं, तेव्हा ते उत्तर पुन्हा सोडवून घ्यायला कुणाकडे वेळ नसतो. जे लातूर शहर अकरावीच्या मुलाची प्रत्येक चूक तपासतं, ते चौथीच्या मुलाची चूक तपासू लागलं, तर तो पॅटर्न खऱ्या अर्थानं गावाचा होईल.

वेळ नसतो, हे मी पाहिलं आहे. साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. म्हणजे एका वर्गखोलीत दोन किंवा तीन इयत्ता. पहिलीला अक्षर गिरवायला द्यायचं, चौथीला भागाकार, आणि मधूनच फोनवर माहिती भरायची, फोटो टाकायचे. २०२१ च्या जुलैमध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानानं ध्येय ठरवलं आहे की तिसरी संपताना मुलाला ९,९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात. ध्येय योग्य आहे. पण किती मुलं निपुण झाली याचे तक्ते भरण्यात जो वेळ जातो, तो त्या मुलांच्याच सरावातून जातो.

खिचडीचा तांदूळ

तरीही काही शाळांनी सरावासाठी वेगळा तास काढला नाही, शाळेच्या रोजच्या कामांतच सराव बसवला. मोडक्या पट्ट्यांच्या त्याच कंधारच्या शाळेत परिपाठ संपला की चौथीची दोन मुलं हजेरी घेऊन स्वयंपाकाच्या खोलीकडे जातात. पट ४२. त्या दिवशी हजर ३६. पहिली ते पाचवीच्या मुलाला पोषण आहारात शंभर ग्रॅम तांदूळ आणि वीस ग्रॅम डाळ. छत्तीसचे किती? मुलं खडूनं दारावर हिशेब मांडतात: तांदूळ ३ किलो ६०० ग्रॅम, डाळ ७२० ग्रॅम.

स्वयंपाक करणाऱ्या ताई त्या हिशेबाची वाट पाहत थांबत नाहीत. त्यांच्या डब्यात दहा पोरांचा तांदूळ मावतो. "छत्तीस म्हणलं की साडेतीन डबे, वर दोन मुठी," त्या सांगतात. मुलांनी वहीत दोन रकाने केले आहेत, 'ताईंचं माप' आणि 'आमचं माप'. महिन्याच्या शेवटी दोन्हींची बेरीज करून पाहतात, फरक किती पडला. तांदूळ संपत आला की पोतं किती दिवस पुरेल, हा प्रश्न त्यांनी स्वतःच काढला. भागाकार शिकवायच्या आधी तो त्यांच्या दारात येऊन उभा राहिला.

बाईंकडे अशा प्रश्नांची एक वही आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, एका वाघिणीत पन्नास हजार लिटर. दोनशे लिटरचे किती बॅरल भरतील? एक एकर म्हणजे चाळीस गुंठे, तर सव्वा एकराचे किती गुंठे? एसटी सव्वादहाला निघून पाऊण तासात पोचते, तर किती वाजता पोचेल? प्रत्येक प्रश्न दोनदा सोडवायचा, आधी तोंडी, मग लिहून. दोन उत्तरं जुळली नाहीत तर तिसऱ्यांदा.

मुखेड तालुक्यातल्या एका शाळेत सातवीच्या एका मुलीबरोबर मी एक हिशेब केला. तिचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला २७३ चा ३६६ रुपये झाला. समजा जोडीनं मुकादमाकडून एक लाखाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली. ती फिटायला किती टन ऊस तोडावा लागेल? तिनं भाग दिला: २७३ टन आणि वर थोडा. दिवसाला दोन टन धरले तर १३७ दिवस. मग तिनं आपणहून विचारलं, "आणि कारखाना एकशे दहा दिवसांतच बंद झाला तर?" २२० टन, म्हणजे ८०,५२० रुपये. अंगावर राहिले १९,४८०. तिनं त्या आकड्याखाली दोन रेघा ओढल्या आणि वही मिटली. कर्जफेडीचा हिशेब वजाबाकी येणाऱ्यांतही दहातल्या एकालाच येतो, असं 'असर'ची पाहणी सांगते. या मुलीला तो आला, कारण तो तिच्याच घरचा होता आणि शाळेत तिला तो करू दिला गेला. मुकादमाच्या वहीत बोट ठेवून "हे कसं?" असं विचारणारं त्या घरातलं पहिलं माणूस तीच असेल.

वाचकांकडे एकच मागणं आहे. या दिवाळीचा किराणा आणायला जाताना घरातल्या तिसरी-चौथीच्या लेकराला बरोबर न्या. फोन खिशात राहू द्या, पाचशेची नोट त्याच्या हातात द्या, आणि दुकानदारानं परत दिलेले पैसे त्याला तिथंच, गल्ल्यासमोर उभं राहून मोजू द्या. मागं रांग लागली तर लागू द्या.